स्पेक्ट्रममधला टीआर४ पुन्हा पुन्हा उडतो? आधी रॅम तपासा

जुना झेडएक्स स्पेक्ट्रम, म्हणजे ऐंशीच्या दशकातला घरगुती संगणक, हौसेने घेणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. मशीन चालू केलं की टीव्हीवर उभे पट्टे येतात. कुणीतरी सांगतं, टीआर४ (बोर्डावरचा एक ट्रान्झिस्टर) गेलाय. टीआर४ बदलला की एकतर मशीन थोडे दिवस बरं चालतं, नाहीतर बटण दाबताच नवा ट्रान्झिस्टरही जातो. तिसरा टीआर४ मागवेपर्यंत उत्साह संपतो आणि मशीन माळ्यावर जातं.

असं मशीन माळ्यावर टाकू नका. ते बहुतेक वेळा दुरुस्त होतं. फक्त टीआर४ हा या प्रकरणात मार खाणारा पार्ट आहे, मारणारा दुसराच असतो. मारणाऱ्याला बोर्डावर तसाच ठेवून टीआर४ बदलत बसणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. खाली तपासणीचा क्रम दिला आहे. कृपा करून तो बदलू नका. यातल्या बऱ्याच पायऱ्या मशीन बंद असतानाच्या आहेत, आणि खरं काम तिथेच होतं.

हे कोणत्या मशीनला लागू पडतं

सिंक्लेअर रिसर्चने एप्रिल १९८२ मध्ये आणलेला रबरी बटणांचा १६के आणि ४८के स्पेक्ट्रम, आणि १९८४ चा कडक बटणांचा स्पेक्ट्रम प्लस. आपल्याकडे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ पासून परवाना घेऊन विकलेला डीबी स्पेक्ट्रम प्लसही याच घराण्यातला. जुन्या घरांच्या आवराआवरीत तो अजून अधूनमधून सापडतो. तसा मिळाला तर आधी खोका उघडून आयसींवरचे नंबर वाचा. आयसी६ ते आयसी१३ अशी आठ आयसींची रांग असेल आणि त्यांवर कुठेतरी ४११६ हा आकडा असेल, तर हा लेख तुमच्या मशीनसाठीच आहे.

नंतरच्या १२८के मॉडेलांत फक्त ५ व्होल्टवर चालणारी रॅम आहे. तिथे हा आजार या रूपात येत नाही.

४११६ ची तीन व्होल्टेजं

स्पेक्ट्रमच्या खालच्या १६के मेमरीत आठ ४११६ आयसी असतात, एकेक आयसी बाइटमधला एकेक बिट सांभाळते. सत्तरच्या दशकातल्या या आयसीला एका व्होल्टेजने भागत नाही, तीन लागतात: +५, +१२ आणि −५. अडॅप्टर मात्र एकच देतो, ९ व्होल्ट डीसी. त्यातले ५ व्होल्ट ७८०५ रेग्युलेटर काढतो. उरलेली दोन व्होल्टेजं बोर्डावरचा एक छोटा कन्व्हर्टर बनवतो. टीआर४ हा झेडटीएक्स ६५० ट्रान्झिस्टर, त्याला चालना देणारा टीआर५ म्हणजे झेडटीएक्स २१३, एक लहान कॉईल, आणि त्यांच्यामागचे डायोड व कपॅसिटर मिळून तो तयार होतो. टीआर४ सतत उघडझाप करत कॉईलमधून करंट तोडत-जोडत राहतो. त्यातून एकीकडे १२ व्होल्ट येतात आणि दुसरीकडे ऋण व्होल्टेज येतं. डी१६ हा ५.१ व्होल्टचा झेनर डायोड ते ऋण व्होल्टेज −५ वर धरून ठेवतो.

आता यातली खरी मेख. ४११६ ला −५ मिळाले नाहीत आणि १२ व्होल्ट मात्र मिळत राहिले, तर ती आयसी आतून तापते आणि काही वेळात कायमची जाते. जाताना पुष्कळदा ती १२ व्होल्टची लाईन ग्राउंडशी शॉर्ट करून जाते. ती शॉर्ट टीआर४ च्या डोक्यावर बसते आणि टीआर४ उडतो. म्हणजे कन्व्हर्टर बिघडला की रॅम जाते, रॅम शॉर्ट झाली की कन्व्हर्टर जातो. या चक्रात फक्त ट्रान्झिस्टर बदलला तर चक्र तुटत नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

स्क्रीन काय सांगते

ठणठणीत स्पेक्ट्रम चालू केला की क्षणभर काळी स्क्रीन दिसते, नीट पाहिलं तर तिच्यावर बारीक लाल उभ्या रेघा असतात, आणि मग पांढऱ्या पडद्यावर खाली १९८२ चा कॉपीराइटचा मजकूर येतो. त्या लाल रेघा दोष नाहीत. रॉम संपूर्ण मेमरीत २ हा आकडा भरून ती तपासत असतो. रंगाच्या जागेतल्या २ चा अर्थ काळ्यावर लाल, आणि चित्राच्या जागेतल्या २ चा अर्थ दर आठ ठिपक्यांतला उजवीकडून दुसरा ठिपका पेटलेला. मेमरीची तपासणी डोळ्यांनी दिसावी अशी ही सोय आहे, आणि या मशीनची मला फार आवडणारी गोष्टही हीच.

याचाच उलटा उपयोग करता येतो. पडद्यावरचं चित्र १६३८४ या पत्त्यापासून सुरू होतं, म्हणजे ते याच खालच्या रॅममध्ये असतं, आणि यूएलए (पडद्यावरचं चित्र आणि कीबोर्ड सांभाळणारी सिंक्लेअरची खास आयसी) ते थेट तिथून उचलते. त्यामुळे प्रोसेसर पार अडकला असला तरी रॅमची अवस्था पडद्यावर दिसत राहते. एकच आयसी गेली असेल तर दर आठ ठिपक्यांत एक, अशा संपूर्ण पडद्यावर ३२ बारीक उभ्या रेघा एकाच जागी अडकलेल्या दिसतात. आयसी६ सांभाळते बिट ०, म्हणजे आठातला सर्वांत उजवा ठिपका. आयसी१३ सांभाळते बिट ७, म्हणजे सर्वांत डावा. बिट ७ च रंगाच्या जागेत चौकटीची उघडझाप ठरवतो. म्हणून डावीकडची रेघ अडकलेली आणि चौकटी लुकलुकताहेत असं एकत्र दिसलं, तर पहिला संशय आयसी१३ वर घ्यावा.

मात्र संपूर्ण पडदाभर जाड, रंगीबेरंगी, गोधडीसारखे पट्टे असतील तर एकट्या आयसीचा नाद सोडा. तेव्हा बहुधा आठही आयसींना हवं ते व्होल्टेज मिळत नसतं. ताबडतोब वीज बंद करा. पट्ट्यांचे फोटो काढत बसू नका. त्या वेळात ४११६ तापत असतात.

मशीन बंद असतानाची मोजणी

अडॅप्टर काढा, मागच्या एज कनेक्टरला (जॉयस्टिकसारखी उपकरणं जोडायच्या बोर्डाच्या कडेला) काही लावलं असेल तर तेही काढा. वरचं झाकण उघडताना कीबोर्डच्या दोन पट्ट्या कनेक्टरमधून सरळ वर ओढून सोडवा. चाळीस वर्षांचं ते प्लॅस्टिक वाकवलं की तुटतं.

मल्टिमीटर ओहमवर ठेवा. काळी पिन ७८०५ च्या हीटसिंकला मगरचिमट्याने लावून टाका, तेच ग्राउंड आहे. लाल पिनच्या टोकाला स्लीव्ह चढवून अगदी टोकच उघडं ठेवा. ४११६ चे पाय जवळजवळ आहेत आणि पुढे चालू मशीनवर मोजताना पिन घसरली तर नवीनच खर्च उभा राहतो. आता कोणत्याही एका ४११६ वर हे पाय तपासा: पाय १ म्हणजे −५, पाय ८ म्हणजे +१२, पाय ९ म्हणजे +५, आणि पाय १६ म्हणजे ग्राउंड. बहुतेक लॉजिक आयसींमध्ये पाय ८ हा ग्राउंड असतो. इथे तो १२ व्होल्टचा आहे. सवयीने काळी पिन तिथे लावू नका.

पाय ८ किंवा पाय १ वर मीटरने दोन-चार ओहम दाखवले, तर शॉर्ट आहे. ५ व्होल्टच्या लाईनवर सगळा बोर्डच असल्यामुळे तिथला आकडा मुळातच कमी येतो, तो पाहून घाबरू नका. फार कमी आहे की नाही एवढंच बघा.

शॉर्ट दिसली तर ती कोणाची, हे शोधल्याशिवाय नवा टीआर४ बसवू नका. आधी टीआर४ आणि टीआर५ बोर्डावरून काढून घ्या. आकडा सुधारला तर शॉर्ट ट्रान्झिस्टरमध्येच होती, आणि हे तुमचं नशीब. सुधारला नाही तर १२ व्होल्टच्या लाईनवर आठ रॅम आयसी, त्यांच्या शेजारचे सिरॅमिक कपॅसिटर, व्हिडिओची एलएम१८८९ आयसी आणि एक-दोन इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर एवढे संशयित उरतात.

आठातली एक आयसी ओळखायची कशी? सगळ्या समांतर जोडलेल्या, म्हणून साध्या मीटरवर सगळ्यांचा आकडा सारखाच येतो. करंट लिमिटवाला बेंच सप्लाय असेल तर तो १ व्होल्टवर ठेवा, करंट अर्धा अँपिअरवर बांधून ठेवा आणि १२ व्होल्टच्या लाईनला द्या. आता आठही आयसींच्या पाठीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हलका बोळा फिरवा. शॉर्ट झालेल्या आयसीवरचा ओलावा बाकीच्यांच्या आधी उडतो, मधोमध एक कोरडा ठिपका उमटतो आणि कडेकडे पसरतो. खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास सोल्डर गन तापत ठेवू नका. शॉर्ट −५ च्या लाईनवर असेल तर हीच युक्ती उलट्या जोडणीने करायची: सप्लायची लाल वायर ग्राउंडला आणि काळी पाय १ ला. या पायाला धन व्होल्टेज गेलं तर शाबूत असलेल्या आयसीही बिघडतात.

बेंच सप्लाय नसेल तर संशय असलेल्या आयसीचा पाय ८ बोर्डाजवळ कापून थोडा वर उचला आणि पुन्हा मोजा. वेळ लागतो, पण उत्तर पक्कं मिळतं. आयसी चांगली निघाली तर कापलेला पाय परत जोडता येतो. सिरॅमिक कपॅसिटरचाही एक पाय उचलून पाहा. सगळ्या आयसी बदलल्यावर शेवटी कपॅसिटर शॉर्ट निघाला, असे बोर्ड मी पाहिले आहेत.

चांगली ४११६ जुन्या आयसीच्या पाठीवर बसवून पाहण्याची एक पद्धत सांगितली जाते. आयसी नुसती मुकी झाली असेल तर ती चालते. शॉर्ट असेल तर तिचा काहीच उपयोग नाही, आणि आपला विषय शॉर्टचाच आहे.

आयसी काढताना

बोर्ड वाचवायचा, आयसी नव्हे. आयसी दुसरी मिळते, १९८२-८३ चा बोर्ड मिळत नाही. म्हणून मेलेली आयसी अख्खी उपसायच्या भानगडीत पडू नका. बारीक कटरने सोळाही पाय आयसीच्या अंगालगत कापा, आयसीचं धड उचलून बाजूला ठेवा, मग एकेक पाय चिमट्यात धरून सोल्डर गनने खालून तापवा आणि पाय अलगद सुटू द्या. ओढायचं नाही. जोर लावावा लागतोय म्हणजे सोल्डर अजून वितळलेलं नाही. जुन्या सोल्डरवर थोडं नवीन सोल्डर आणि फ्लक्स दिलं की ते लवकर पाझरतं. भोक डिसोल्डर पंपाने साफ करा. पॅड उखडलं तर वायर टाकून जोडता येतं, पण ती वेळ येऊ देऊ नका.

रिकाम्या जागी आयसी बेस बसवा, गोल छिद्रांचा चांगल्या प्रतीचा. पट्टीचे स्वस्त बेस आपल्या दमट हवेत वर्षभरात सैल पडतात. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी तर ही काटकसर अजिबात करू नये.

बदलीला काय लावायचं यावर दोन मतं आहेत. मूळ ४११६ जुन्या मालात अजून मिळतात. दुसरा मार्ग ४१६४ चा. ही नंतरच्या पिढीची रॅम फक्त ५ व्होल्टवर चालते. ती लावायची असेल तर पाय १ बाहेर वाकवून मोकळा सोडायचा, पाय ८ बोर्डात न घालता पाय ९ ला वायरने जोडायचा, बाकीचे पाय जसेच्या तसे. मग त्या आयसीचा −५ आणि १२ शी संबंधच उरत नाही. संपूर्ण खालची रॅम बदलणारी तयार मोड्यूलंही मिळतात.

माझं मत असं आहे. एखादीच आयसी गेली असेल तर मूळ ४११६ च लावावी. तीन-चार गेल्या असतील तर त्या बोर्डाने बराच वेळ −५ विना काढला आहे, उरलेल्याही भाजलेल्या असणार. मग आठही काढून बेस बसवावेत आणि ४१६४ किंवा मोड्यूल लावावं. बेस असल्यामुळे हा बदल केव्हाही मागे फिरवता येतो. काढलेल्या चांगल्या आयसी अँटिस्टॅटिक पिशवीत घालून मशीनच्या खोक्यातच ठेवा. उद्या ते मशीन दुसऱ्या कुणाकडे जाईल, त्याला त्यातलं मूळ काय आणि नंतरचं काय हे कळलं पाहिजे.

कन्व्हर्टरची पूर्ण दुरुस्ती

टीआर४ एकटा बदलायचा नाही. टीआर५ त्याच्याबरोबर बदलायचा, तो मीटरवर चांगला दिसला तरी. टीआर४ शॉर्ट होताना टीआर५ ला झळ बसलेली असते आणि अशक्त टीआर५ नव्या टीआर४ ला नीट चालवत नाही. झेडटीएक्स ६५० किंवा त्याचा थोडा दमदार भाऊ झेडटीएक्स ६५१, दोन्ही चालतात. खात्रीच्या दुकानातून घ्या. या नंबरांचा नकली माल फार आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत पर्यायी नंबर हातात ठेवला गेला तर आधी डेटाशीटमध्ये पायांचा क्रम पाहा. चपटी बाजू जुळली म्हणजे पाय जुळले असं नसतं.

मग कॉईल. टीआर४ शॉर्ट होऊन मशीन तसंच चालू राहिलं असेल तर अडॅप्टरचा सगळा करंट कॉईलमधून गेलेला असतो. तारेवरचं लॅकर काळपट झालं असेल, वास येत असेल, वेढे एकमेकांना चिकटल्यासारखे दिसत असतील, तर ती कॉईल मीटरवर जोडलेली दिसली तरी बाद समजा. आतले वेढे शॉर्ट असलेली कॉईल हे टीआर४ पुन्हा पुन्हा उडण्याचं दुसऱ्या क्रमांकाचं कारण आहे, आणि सर्वांत दुर्लक्षितही. स्पेक्ट्रमचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे तयार कॉईल मिळते. स्वतः गुंडाळायची असेल तर जुनी सोडवताना वेढे मोजा, दिशा कागदावर काढून ठेवा आणि तेवढ्याच जाडीची तार घ्या. फेराइटचा गाभा तोच वापरता येतो.

डी१५ आणि डी१६ हे डायोड दोन्ही बाजूंनी तपासा. या भागातले आडवे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर सरळ बदलून टाका. त्यांचं आयुष्य केव्हाच संपलं आहे. काढण्याआधी प्रत्येकाच्या प्लस बाजूचा जवळून फोटो काढा आणि नवा बसवल्यावर फोटोशी ताडून पाहा.

पहिल्यांदा वीज देताना

एज कनेक्टर रिकामा. कीबोर्डही नको. मीटर डीसी व्होल्टवर, काळी पिन हीटसिंकला, लाल पिन पाय १ वर धरलेली. अडॅप्टरची पिन मशीनमध्ये आधीच घातलेली असू द्या आणि भिंतीवरच्या बटणाने वीज द्या, दुसऱ्या कुणाला तरी बटणाजवळ उभं करा.

पाच सेकंदांत −४.५ ते −५.५ मधला आकडा आला पाहिजे. शून्याच्या आसपास असेल तर बटण बंद, काही विचार न करता. −५ पक्का दिसला की पाय ८ वर या. तिथे १०.८ ते १३.२ मध्ये काहीही चालतं, बरोबर १२.० चा हट्ट नको. मग पाय ९ वर ५. तिन्ही आले की कान बोर्डाजवळ न्या. चालू कन्व्हर्टर बारीक शिट्टीसारखा आवाज करतो.

१२ च्या जागी बरंच कमी आणि −५ च्या जागी शून्य, याचा अर्थ टीआर४ उघडझाप करत नाहीये. टीआर५, कॉईलचे सोल्डरचे डाग आणि डी१५ पुन्हा पाहा. १२ बरोबर पण −५ नाही, तर डी१६ आणि त्याच्या आसपासचा कपॅसिटर.

व्होल्टेजं ठीक आहेत आणि तरी पट्टे आहेत, तर आता तुटकी रॅम शोधायची. यासाठी मागच्या कनेक्टरला लागणारा डायग्नॉस्टिक रॉम अतिशय उपयोगी आहे. तो मशीनचा स्वतःचा रॉम बाजूला सारून आपला चालवतो, त्याला खालची रॅम लागत नाही, आणि कोणती आयसी गेली ते नंबरानिशी सांगतो. एक घेऊन ठेवा. दोन-तीन हौशी लोकांत मिळून एक घेतला तरी पुरतो.

दुरुस्त झालेला टीआर४ महिन्याभरात पुन्हा का जातो

बोर्ड निर्दोष करूनही ट्रान्झिस्टर जात असेल तर दोष बोर्डाबाहेर आहे.

पहिला संशय अडॅप्टरवर. स्पेक्ट्रमच्या जॅकमध्ये मधला भाग ऋण आणि बाहेरची नळी धन असते. आपल्या घरातले राउटर, सेट-टॉप बॉक्स यांचे ९ आणि १२ व्होल्टचे अडॅप्टर याच्या बरोबर उलट असतात, आणि त्यांची पिन स्पेक्ट्रममध्ये व्यवस्थित बसते. परदेशातून मशीन आलं, प्लग जुळत नाही, म्हणून घरातला अडॅप्टर लावून बघितला, इथे फार मशीन गेली आहेत. अडॅप्टरवर ध्रुवांचं चिन्ह छापलेलं असतं, तरी मीटरने स्वतः मोजा. मूळ अडॅप्टर ९ व्होल्ट १.४ अँपिअरचा, रेग्युलेशन नसलेला आहे. बिनलोड मोजल्यास तो १२-१४ व्होल्ट दाखवतो, ते बरोबर आहे. तो नसेल तर गिटारच्या इफेक्ट पेडलसाठी मिळणारे ९ व्होल्टचे अडॅप्टर मध्ये ऋण असलेले असतात. फक्त १.५ ते २ अँपिअरचा घ्या, १०० मिलिअँपिअरचा नको.

दुसरं कारण जॅक. स्पेक्ट्रमला चालू-बंदचं बटण नाही आणि रबरी बटणांच्या मशीनला रिसेटही नाही. त्यामुळे त्या काळच्या मुलांनी प्रत्येक वेळी अडॅप्टरची पिन उपसून-घालून मशीन रिसेट केलं. जॅकची आतली पट्टी सैल झालेली असते. पिन हलली की वीज क्षणभर तुटते, परत येते, आणि प्रत्येक तुटण्याला टीआर४ झटका खातो. ४११६ लाही हे मानवत नाही. तिला −५ सर्वांत आधी यायला आणि सर्वांत शेवटी जायला हवे असतात. मशीन चालू असताना पिन किंचित हलवून पडद्यावर फरक पडतो का, हे तपासायला जाऊ नका. बंद मशीनवर ओहममध्ये मोजत पिन हलवा. आकडा नाचला की जॅक बदला. आणि पुढे कायम भिंतीवरचंच बटण वापरा.

तिसरं कारण मागचा एज कनेक्टर. त्यावर ५ व्होल्ट आणि ९ व्होल्ट शेजारीशेजारी आहेत, पुढे −५ आणि १२ ही आहेत. चालू मशीनला जॉयस्टिक इंटरफेस लावला किंवा काढला, अगदी टेबलाला धक्का लागून तो जरा तिरका झाला, तरी या लाईन एकमेकींना भिडतात. इंटरफेसच्या कनेक्टरमध्ये चुकीची जागा अडवणारी छोटी खुंटी असते. जुन्या इंटरफेसमध्ये ती हरवलेली असते. ती नसलेला इंटरफेस लावू नका, आधी प्लॅस्टिकचा तुकडा कापून खुंटी बसवा. बोर्डाची कड अल्कोहोलने आणि मऊ खोडरबराने पुसा, सँडपेपर नको.

आपल्याकडचा उन्हाळा हेही एक कारण. ७८०५ वर तीन-चार वॅट नुसती उष्णता होऊन जातात, आणि खोलीत ३८ अंश असताना बंद खोक्यात ती अडकते. ७८०५ च्याच पायांत बसणारा १.५ अँपिअरचा स्विचिंग रेग्युलेटर लावला की खोका जवळजवळ गार राहतो. विदर्भ-मराठवाड्यातल्यांनी हा बदल जरूर करावा. मूळ ७८०५ आणि हीटसिंक जपून ठेवा.

याच्याशी गल्लत होणारे दोन दोष

मशीन सुरू होतं पण मोठे गेम चढत नाहीत, तर वरची ३२के रॅम तपासा. बेसिकमध्ये प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३ असं द्या. ४८के मशीनने ६५५३५ हे उत्तर दिलं पाहिजे. ३२७६७ आलं तर ते स्वतःला १६के समजतंय. ही रॅम ५ व्होल्टवरच चालते, टीआर४ शी तिचा संबंध नाही. मूळ आयसी म्हणजे ६४के रॅमपैकी अर्धाच भाग चांगला निघालेला माल, आणि कोणता अर्धा हे बोर्डावरच्या जोडणीने ठरवलेलं असतं. बदलताना पूर्ण ४१६४ लावली की तो प्रश्नच राहत नाही.

आणि बटणं चालत नाहीत म्हणून कुणी यूएलए बदलायला निघाला असेल तर थांबा. क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी अशी ओळीतली पाच बटणं एकदम गेली, किंवा १, क्यू, ए, कॅप्स शिफ्ट, ०, पी, एंटर, स्पेस ही आठ एकदम गेली, तर बटणांखालच्या पातळ प्लॅस्टिकच्या मेम्ब्रेनची पट्टी कनेक्टरपाशी तडकली आहे. नवी मेम्ब्रेन मिळते, ती बसवा.

दुरुस्तीनंतर झाकण लगेच लावू नका. तासभर मशीन उघडंच चालू ठेवा आणि अधूनमधून −५ मोजत राहा. गार असताना −४.९ आणि तापल्यावर −४.३ असं होत असेल तर डी१६ किंवा तिथला कपॅसिटर अजून कच्चा आहे. आकडा तासभर हलला नाही की स्क्रू आवळा.